फुंडाओ: डोंगरातून समुद्रापर्यंत

2012. घटनाक्रम खरं तर इथून सुरू होतो. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, मारियाना शहराजवळ, लोहखाणीचा टाकाऊ गाळ अडवणारं फुंडाओ धरण. मालक सामार्को, म्हणजे वाले आणि बीएचपी यांची भागीदारी. धरणाखालची काँक्रीटची वाहिनी कमकुवत निघाली म्हणून डावीकडची भिंत मागे घेतली गेली. मागे होता मऊ चिखल. त्यावर वाळूचे थर चढत गेले.

5 नोव्हेंबर 2015, दुपारी सव्वादोनच्या सुमारास. भूकंपाचे तीन लहान धक्के.

3.45. डाव्या अंगाला धुळीचा लोट उठतो, भेग पडते आणि बघता बघता भिंत पातळ होऊन वाहू लागते. 3 कोटी घनमीटरहून जास्त गाळ मोकळा होतो.

त्यानंतरची काही मिनिटं. खाली बेंतो रोद्रिगेस गाव. भोंगा वाजत नाही, कारण बसवलेलाच नाही. एक तरुणी मोटारसायकलवरून ओरडत गल्ल्या पालथ्या घालते, शिक्षक शाळेतली मुलं उंचावर नेतात. धक्क्यांपासून फुटीपर्यंत दीड तास होता. एवढ्या वेळात गाव रिकामं झालं असतं! एकूण 19 माणसं गेली. बहुतेक धरणावरचे कामगार.

रात्र आणि पहाट. गाळ ग्वालाशो दो नोर्ते आणि कार्मो नद्यांतून दोसी नदीत उतरतो. या खोऱ्यात अठराव्या शतकापासून सोनं काढलं गेलं. त्या काळातलं आर्सेनिक नदीच्या तळाशी पडून होतं. लोंढ्याने तेही उकरलं. म्हणून माग काढणं अवघड: कुठला धातू धरणातला आणि कुठला जुना, हे ठरवायला फुटीआधीचे तळगाळाचे नमुने लागतात.

चौथा दिवस. गव्हर्नादोर व्हालादारेसमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांचे नळ कोरडे. क्रेनाक आदिवासी या नदीला वातू म्हणतात. त्यांना मासेमारी, आंघोळ, नदीकाठचे विधी सगळंच सोडावं लागलं.

21 नोव्हेंबर. साडेसहाशे किलोमीटर वाहून तांबडा गाळ रेजेन्सियाला अटलांटिकमध्ये शिरतो. लेदरबॅक कासवांची विणीची हीच किनारपट्टी. अंडी आधीच हलवली होती.

पुढचा धोका दिसत नाही. लोहऑक्साइडचे बारीक कण मँगनीजसारखे धातू धरून ठेवतात. खाडीच्या प्राणवायूविना चिखलात जिवाणू ते लोह विरघळवतात, आणि धरलेले धातू पाण्यात सुटतात. त्यामुळे पाणी निवळलं तरी तपासणी थांबवता येत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायालयाने नदीच्या मुखाजवळच्या समुद्रात मासेमारीवर बंदी घातली.