विलायतेंतील हिंदुस्थानी खाणावळ : एका तक्रारीचा इतिहास

प्रवासांत मनुष्य निजण्याबसण्याची गैरसोय एक वेळ सोसतो, परंतु जेवणांत झालेली निराशा त्याच्या मनांतून लवकर जात नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं लंडन येथें एका हिंदुस्थानी म्हणविणाऱ्या उपाहारगृहांत आमची अशी निराशा झाली, आणि तिचा सल इतका टिकला कीं, अखेर त्या सलाचा इतिहास धुंडाळावा लागला. त्या गृहाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तशीं गृहें त्या देशांत हजारोंनीं झालीं, आणि आमचें गाऱ्हाणें आतां एका दुकानदारापुरतें उरलेंही नाहीं.

हकीकत अशी. दिवसभर ग्रंथालयांत जुनीं कागदपत्रें चाळून आम्ही सायंकाळीं पावसांत भिजत सपत्नीक तेथें गेलों. आमच्या कुटुंबाचें बालपण म्हापशास गेलेलें. पदार्थांच्या यादींत 'विंदालू' हा शब्द दिसतांच तिला शेजारच्या ख्रिस्ती घरांतील नाताळ आठवला, व तिनें तोच पदार्थ मागविला. आम्हीं आणखी तीन पदार्थ सांगितले. अर्धा तास आमच्याकडे कोणी फिरकलें नाहीं. पाणी तीनदां मागावें लागलें. पुढें जे चार वाडगे आले, त्यांतील रस्सा रंगानें निराळा, पण चवीनें एकच! विंदालूंत शिर्क्याचा मागमूस नव्हता. होता तो बटाटा आणि घसा जाळणारें तिखट. वाढप्यास विचारलें तेव्हां तो खांदे उडवून म्हणाला, "येथें असेंच असतें," आणि बाहेर लोक ताटकळत असल्यामुळें आमचें जेवण पुरें होण्यापूर्वींच त्यानें ताटल्या उचलल्या. हिशेबांत सेवेबद्दलची रक्कम मात्र न विसरतां धरलेली होती. दाराशीं अभिप्रायाची वही होती. तींत आम्हीं ठसठशीत अक्षरांत लिहिलें कीं, हें हिंदुस्थानी अन्न नव्हे.

तें वाक्य लिहितांना आम्हांस जी धन्यता वाटली, ती आतां आठवली म्हणजे संकोच होतो. वाक्य खोटें होतें म्हणून नव्हे. तें खरेंच होतें. परंतु तें कोणाला ऐकवावयाचें, याचा आम्हीं विचार केला नव्हता.

इंग्रजांच्या स्वयंपाकघरांत 'करी' हा शब्द शिरला तो कोणा हिंदी आचाऱ्याच्या हातानें नव्हे. हॅना ग्लास नांवाच्या बाईनें १७४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत हिंदुस्थानी तऱ्हेनें करी करण्याची कृति आहे. इंग्रजींत छापलेली ही पहिली, असें मानितात. म्हणजे प्लासीची लढाई होण्यास दहा वर्षें अवकाश असतांनाच 'करी' इंग्रज गृहिणीच्या मुखीं होती. पुढें कंपनीच्या चाकरींत गबर होऊन परतलेले 'नबाब' लंडनच्या पोर्टमन चौकाच्या आसपास राहूं लागले, व त्यांची जीभ ओळखून एका पाटण्याच्या गृहस्थानें तेथें पहिलें हिंदुस्थानी भोजनगृह काढलें.

या गृहस्थाचें नांव दीन महंमद. जन्म १७५९ चा. लहानपणींच तो कंपनीच्या बंगाली फौजेबरोबर हिंडूं लागला, एका आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयानें १७८४ त आयर्लंडांतील कॉर्क शहरीं गेला, तेथील मुलीशीं त्यानें लग्न केलें, आणि १७९४ सालीं आपलें प्रवासवर्णन इंग्रजींत छापलें. हिंदी मनुष्यानें इंग्रजींत लिहून प्रसिद्ध केलेलें हें पहिलें पुस्तक. आमच्यासारख्या इंग्रजी शिकविणारांनीं त्याचें नांव घेण्यास इतका काळ कां लावला, हा प्रश्न येथें बाजूस ठेवूं. १८१० त त्यानें जॉर्ज रस्त्यावर 'हिंदोस्तानी कॉफी हाउस' उघडलें. बैठका वेताच्या, भिंतींवर हिंदुस्थानांतील देखाव्यांचीं चित्रें, हुक्का ओढण्यास निराळी खोली, असा थाट होता. १८११ च्या मार्चांत 'टाइम्स' पत्रांत त्यानें जाहिरात देऊन उमरावमंडळीस बोलाविलें. उमराव बहुधा आले नाहींत. ज्यांना ही चव ठाऊक होती, त्यांच्या घरीं ती रांधणारे नोकर होतेच. ज्यांना ती ठाऊक नव्हती, ते इतका खर्च कशाला करतील? १८१२ सालीं दीन महंमदाचें दिवाळें निघालें. तो ब्रायटनला गेला, वाफेचें स्नान व मालिश यांचें दुकान त्यानें मांडलें, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांच्या अंगाला चंपी करणारा म्हणून त्याची कीर्ति झाली. 'शांपू' हा शब्द या 'चांपो'चाच वंशज आहे. हा गृहस्थ १८५१ त वारला, आणि त्याच्या भोजनगृहाच्या स्मरणाचा फलक जॉर्ज रस्त्यावर लागण्यास २००५ साल उजाडावें लागलें.

ज्या हिंदी माणसानें आपलें अन्न मानानें वाढूं पाहिलें, तो बुडाला. आणि इंग्रजांचें अंग रगडूं लागतांच तरला. पुढील दोन शतकांची कुळकथा या एका चरित्रांत आगाऊ लिहिलेली आहे, असें आम्हांस वाटतें.

दुसरा टप्पा आमच्या पुण्याशीं दुरून जोडलेला आहे. पेशव्यांच्या दरबारीं १७९८ पासून १८०१ पर्यंत जनरल विल्यम पामर हा कंपनीचा रेसिडेंट होता. त्याची पत्नी फैजबक्ष बेगम. या दांपत्याचा वंशज एडवर्ड पामर यानें विलायतेंत मसाल्यांचा व्यापार थाटला, १९२४ च्या वेंब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनांतील हिंदी उपाहारगृह चालविलें, आणि १९२६ सालीं लंडनच्या रीजंट रस्त्यावर 'वीरस्वामी' नांवाचें भोजनगृह काढलें. फेटे बांधलेले वाढपी, दरबारी झुंबरें, आणि पाहुण्यांत राजेरजवाडे व रजेवर आलेले कलेक्टर! तेथें जें वाढलें जाई, तें साम्राज्याचें स्मरण होतें; भूक हें दुय्यम कारण. परंतु त्या मुदपाकखान्यांत कामें करणारांपैकीं कित्येकांनीं पुढें स्वतःच्या खाणावळी काढल्या, आणि येथून आमच्या त्या सायंकाळचा धागा हातीं लागतो.

हे लोक कोण? सुएझचा कालवा १८६९ त खुला झाला व आगबोटींची ये-जा वाढली. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडील खलाशी डोल सांभाळीत आणि गोव्याचे बटलर साहेबांना जेवण वाढीत. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या पोटांत भट्ट्यांपाशीं कोळसा टाकण्याचें काम बहुतेक सिल्हट जिल्ह्यांतील मुसलमान शेतकऱ्यांच्या मुलांकडे असे. वेतन गोऱ्या खलाश्याच्या वेतनाचा लहानसा अंश; उष्णता अशी कीं, कित्येक बेशुद्ध पडत. बोट लंडनच्या गोदींत लागली कीं त्यांतले कांहीं रात्रीं पळ काढीत. अशा पळालेल्यांना पूर्व लंडनमधील कमर्शियल रस्त्यावर अयूब अली मास्तर या त्यांच्याच मुलुखांतल्या मनुष्याच्या खाणावळींत आसरा मिळे. पत्रें लिहून घेणें, घरीं पैसे पाठविणें, हें सारें तेथें चाले. पांढरपेशा हिंदी विद्यार्थी त्याच सुमारास त्याच शहरांत बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. त्यांच्या आठवणींचीं पुस्तकें आमच्या कपाटांत आहेत. या भट्टीवाल्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नव्हत्या. कॅरोलाइन ॲडम्स या बाईनें त्यांतील कांहीं वृद्धांच्या तोंडून ऐकून १९८७ सालीं पुस्तकरूपानें छापल्या, तेव्हां कोठें त्यांस शब्द मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबनें मोडकळीस आलेलीं चहाचीं व तळलेल्या मासळीचीं दुकानें स्वस्तांत मिळत होतीं. सिल्हटी लोकांनीं तीं घेतलीं. प्रारंभीं मासळी व बटाटेच तळून विकीत, आणि कोपऱ्यांत एका पातेल्यांत करी. रात्रीं अकराला दारूचे गुत्ते बंद झाले कीं भुकेल्या माणसाला दुसरें दार उघडें नसे. हें उघडें राही. तेवढ्या एका गोष्टीवर या धंद्याचा पाया घातला गेला. १९६२ च्या कायद्यानें वसाहतींतील लोकांस दार अर्धवट बंद झालें, तरी परवाने मिळवून भाऊ, पुतणे, गांवकरी येतच राहिले.

त्यांच्या दुकानावरील पाटीची कथाही ऐकण्यासारखी आहे. सिल्हट १८७४ त आसामला जोडलेलें; जुलै १९४७ च्या सार्वमतानें तें पूर्व पाकिस्तानांत गेलें; १९७१ त बांगला देशांत. मालकाचें घर असें तीनदां राज्य बदलून गेलें, पण दुकानावर पाटी राहिली ती 'इंडियन'च. इंग्रज गिऱ्हाइकाला तोच शब्द कळे. म्हणजे ज्या शब्दाच्या नांवानें आम्हीं वहींत तक्रार लिहिली, तो शब्द त्या बिचाऱ्यांचा नव्हताच. आणि तो आमचा तरी कितपत, हेंही पाहिलें पाहिजे. पुणेरी मनुष्याला चेट्टिनाडचें ताट आणि काश्मिरी ताट सारखींच परकीं.

आतां चार वाडग्यांच्या एका चवीविषयीं. या खाणावळींत सकाळीं मोठ्या हंड्यांत कांदा, आलें, लसूण व हळद इत्यादि घालून शिजवितात व घोटून एकजीव करितात. रात्रीं मागणी आली कीं तव्यावर तेल, मसाल्याची चिमूट, आधीं शिजविलेलें मांस, आणि वरून त्या हंड्यांतील पळी. साय पडली कीं कोर्मा, तिखट वाढलें कीं मद्रास, आणखी वाढलें कीं विंदालू. मद्रासच्या माणसानें या 'मद्रास'चें नांव ऐकिलें नसेल. येथें नांवें पदार्थांचीं राहिलीं नाहींत. तीं तिखटाच्या पायऱ्यांचीं झालीं. आम्हांस तो आळस वाटला होता. परंतु दोन चुली, दोन माणसें, आणि मध्यरात्रीं एकदम आंत घुसणारे चाळीसजण, असा हिशेब मांडला म्हणजे ही युक्ति कारखान्याच्या तोडीची ठरते.

विंदालूची गत मात्र खरोखर शोचनीय. मूळ शब्द पोर्तुगीज, त्याचा अर्थ शिर्का आणि लसूण यांचा. गोव्यांत त्यास माडाच्या शिर्क्याची व मिरचीची जोड मिळाली व डुकराच्या मांसाचा तो सणाचा पदार्थ झाला. फ्रेंचांच्या भयानें अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी फौजा गोव्यांत येऊन राहिल्या, तेव्हां त्यांना तो आवडला, व गोव्याच्या आचाऱ्यांबरोबर तो कलकत्त्यास आणि पुढें विलायतेस गेला. तेथें मुसलमान मालकाच्या चुलीवर डुकर कसें चढणार? तें गेलें. शिर्काही गेला. 'आलू' या ध्वनीवरून बटाटा आला, असा पुष्कळांचा तर्क आहे. उरलें तें तिखट; आणि १९९८ च्या फुटबॉलच्या जागतिक सामन्यांच्या वेळीं इंग्रज प्रेक्षक याच शब्दाचें गाणें घशाच्या शिरा ताणून गात होते.

वाढप्याच्या उद्धटपणास तर आम्हीं अजिबात क्षमा केली नव्हती. वास्तविक पुण्याच्या खाणावळींतून आम्ही याहून तीक्ष्ण शब्द आयुष्यभर हंसत ऐकत आलों आहों. गुत्ता बंद झाल्यावर येणारें गिऱ्हाईक कसें असे? पैजेनें अतितिखट मागविणारें, वाढप्याला हांका मारतांना त्याच्या उच्चारांची नक्कल करणारें, कधीं पैसे न देतां पळणारें. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत पूर्व लंडनमध्यें बंगाली मनुष्याला रात्रीं एकट्यानें रस्त्यानें जाणें धोक्याचें होतें; ४ मे १९७८ रोजीं व्हाइटचॅपेल येथें अल्ताब अली या तरुण कामगाराचा खून झाला, तेव्हां सात हजारांच्या आसपास लोक त्याच्या शवपेटीमागून चालत गेले. १९९८ सालीं बी. बी. सी. वर कांहीं हिंदी वंशाच्या नटांनीं एक प्रहसन केलें. त्यांत मुंबईचीं मंडळी झिंगून 'इंग्रजी' खाण्यास जातात, गोऱ्या वाढप्याचें नांव मुद्दाम चुकवितात, आणि यादींतला सर्वांत बेचव पदार्थ मागतात. इंग्रज प्रेक्षक हंसले खरे. आणि २००१ सालीं परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनीं चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हणून गौरविला. पदार्थाला नागरिकत्व मिळालें. वाढप्याला मिळालें कीं नाहीं, तें त्याला विचारावें लागेल.

या सर्वांतून ती विंदालू रुचकर ठरत नाहीं. ती वाईटच होती, आणि ताटल्या उचलणें हेंही वाईटच. वहींतील वाक्यही आम्ही मागें घेत नाहीं. फक्त तें आम्हीं चुकीच्या दाराशीं लिहिलें.

त्या रात्रीं परत येतांना आमचें कुटुंब बराच वेळ गप्प होतें. मग म्हणालें, "तुम्ही वहींत लिहीत होतां ना, तेव्हां आंतलें दार उघडें होतें. पाळी संपलेले दोघे कोपऱ्यांत भात जेवत होते. मासळीचें पातळ हुमणासारखें कांहीं तरी होतें. आंबट वास येत होता, लिंबाचा." आम्हीं विचारलें, मग तें मागावयाचें होतें. ती म्हणाली, "तें यादींत नव्हतें." बसचा थांबा आला होता, आणि पाऊस अजून पडतच होता.