आत्महत्या प्रतिबंध धोरण, राष्ट्रीय

आत्महत्या हा गुन्हा किंवा नशिबाचा भोग न मानता टाळता येण्याजोगा मृत्यू मानून शासनाने आखलेला देशव्यापी आरोग्य कार्यक्रम. फिनलंडने १९८६ ते १९९६ या काळात असा कार्यक्रम राबवला. पुढे अनेक देशांनी तो मार्ग धरला. भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपले धोरण २१ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर केले. २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण १० टक्क्यांनी घटवणे हे त्याचे उद्दिष्ट. तीन वर्षांत नोंदीची भक्कम यंत्रणा, पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आणि आठ वर्षांत शिक्षणसंस्थांत मानसिक आरोग्याचा अभ्यासक्रम, असे टप्पे त्यात ठरवले आहेत.

कायद्याची वाट आधीच मोकळी होऊ लागली होती. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देणे शासनाचे कर्तव्य ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे दंडविधानातले जुने कलम ३०९ राहिले नाही. तरीही ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने घरचे लोक दवाखान्यात खरे कारण सांगत नाहीत. त्यामुळे उपचार चुकतो आणि नोंदही चुकते.

महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या संदर्भात चर्चिला गेला. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने मराठवाड्यातील आठ व विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. परभणी जिल्हा त्यात येतो. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन प्रश्नावलीद्वारे खचलेली माणसे हेरायची, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आणि गरजेनुसार जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे, तसेच १०४ या क्रमांकावर समुपदेशन द्यायचे, अशी त्याची रचना. कल्पना रास्त आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाने तिला आधारही दिला: गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

याउलट महसूल यंत्रणेचे काम मृत्यूनंतर सुरू होते. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा या निकषांवर प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हा समिती ठरवते. सातबारा नावावर नसलेली शेतकरी स्त्री, बटईने कसणारा, मजुरीवर जगणारा हे सारे त्यातून सहज निसटतात. कुटुंबाला मदत मिळायलाच हवी, पण ती प्रतिबंध नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या, देशात सर्वाधिक. त्यांपैकी शेती क्षेत्रातल्या ४,२४८. म्हणजे पाचांपैकी चारांहून अधिक मृत्यू रोजंदारी मजूर, गृहिणी, विद्यार्थी, बेरोजगार अशा इतरांचे होते, आणि त्यांच्यासाठी कोणतीही समिती बसत नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय मात्र सर्वांत दुर्लक्षित आहे. खेड्यात फवारणीचे जहाल औषध घरातच, हाताशी असते. आत्महत्येची ऊर्मी पुष्कळदा थोडा काळच टिकते. तेवढ्या वेळात घातक साधन हाती आले नाही तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या दोन दशकांत निम्म्याहून खाली आले. कापूस, सोयाबीन पिकवणाऱ्या परभणीसारख्या जिल्ह्यात कृषी खाते आणि आरोग्य खाते या प्रश्नावर एकत्र बसल्याशिवाय धोरणाला अर्थ नाही.

केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.