हृदयशस्त्रक्रियेनंतरची वाटचाल : मुंबई ते वावर

महाराष्ट्रातील हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास सामान्यतः मुंबईच्या शस्त्रक्रियागृहांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. फेब्रुवारी १९६८ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेले भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण हा त्यातील ठळक टप्पा होय. रुग्ण सुमारे तीन तास जगला. जव्हार तालुक्यातील वावरसारख्या आदिवासी गावातून पाहिल्यास मात्र या इतिहासाचे महत्त्वाचे प्रकरण रुग्ण घरी परतल्यावर सुरू होते, आणि तेच बहुधा अलिखित राहिले आहे.

गरिबीशी आणि दाटीच्या वस्तीशी ज्या हृदयरोगाचा निकट संबंध आहे, तो झडपांचा. घशाच्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि पुढे हृदयाची द्विदली झडप आखडत जाते. १९२५ मध्ये लंडन येथे सौत्तर यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून अशी झडप मोकळी केली. १९४८ पासून अमेरिकेत ही पद्धत रुजली आणि १९५० च्या दशकात ती मुंबईतही आली. यंत्राची गरज नसल्याने ती कमी खर्चाची होती. हृदयातील रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होणे आणि झडप फाटणे हे तिचे धोके होते. शिवाय काही वर्षांनी झडप पुन्हा आखडू शकत असे.

१९५३ मध्ये गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तर १९६० मध्ये कृत्रिम झडप प्रत्यक्ष उपयोगात आली. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत बनलेली देशी झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसवण्यात आली. या प्रगतीने शस्त्रक्रियेच्या मेजावरील मृत्यू घटले; पण धातूच्या झडपेने जोखमीचे स्वरूप पालटले. तिच्यावर गुठळी जमू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध आजन्म घ्यावे लागते. मात्रा कमी पडली तर झडप अडकण्याची भीती, अधिक झाली तर रक्तस्रावाची. म्हणून आय.एन.आर. ही रक्ततपासणी नियमितपणे करावी लागते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत हेच औषध गर्भालाही अपायकारक ठरू शकते.

छातीचे हाड सांधण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे, कधी अधिक काळ लागतो. त्या काळात जड ओझे वर्ज्य असते. मोखाड्यात उन्हाळ्यात दुरून पाण्याचे हंडे वाहणाऱ्या स्त्रीने हा सल्ला कसा पाळावा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नसते. पावसाळ्यात ताटात येणाऱ्या हिरव्या रानभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा परिणाम घटवू शकते. भाजी सोडणे हा त्यावरील उपाय नव्हे. आहारातील बदलानुसार रक्ततपासणी करून मात्रा ठरवणे हा उपाय होय. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तेव्हा तपासणीप्रमाणेच, संधिवाताचा ताप उलटू नये म्हणून दर २१ दिवसांनी दिले जाणारे पेनिसिलीनचे इंजेक्शनही चुकण्याचा संभव असतो.

वावर-वांगणीचे नाव १९९२ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर पोहोचले. तो विषय येथे अप्रस्तुत नाही, कारण कुपोषित शरीरात जखम सावकाश भरते व जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

शासकीय योजनांचा क्रमही बोलका आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबई होती, परंतु जव्हार-मोखाडा ज्यात मोडत होते तो तत्कालीन ठाणे जिल्हा नव्हता. तेथे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. योजनेत ९७१ उपचारांसोबत शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याची १२१ पॅकेजेस होती, ही तिची उल्लेखनीय बाजू. तथापि पाठपुरावा रुग्णालयात होतो आणि मुंबई जव्हारपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तपासणीसाठी तेथवर जायचे तर रुग्णाबरोबर सोबत्याचीही मजुरी बुडते.