सिमेंटची फरशी आणि डुकराची पिले

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांतून देशात मोजकी वराह पैदास केंद्रे व त्यांना जोडून बेकन कारखाने निघाले. त्यांपैकी एक बोरिवलीला होता. अशा केंद्रांवर मुख्यतः लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही इंग्लंडची जात पाळली गेली. अशा विलायती बंदिस्त पद्धतीत जमीन सिमेंटची असे. स्वच्छतेला ती उत्तम. पण पिलांचे तिने काय हिरावले, हे ब्रिटनमध्ये आधीच उमगले होते.

पाजती डुकरीण कॅल्शियमच्या बाबतीत उदार असते. दुधात लिटरमागे सुमारे 2 ग्रॅम. खाद्यात कमी पडले तर ती आपल्या हाडांतून काढून देते, अगदी मागचे पाय लुळे पडेपर्यंत. लोहाचे उलटे आहे. पिलू जन्मतः सुमारे 50 मिलिग्रॅम लोह घेऊन येते, त्याला रोज साधारण 7 लागते आणि दुधातून मिळते जेमतेम 1. वर्गात हे तीन आकडे फळ्यावर लिहून आपण हिशोब करून पाहू: आठ-नऊ दिवसांत शिल्लक संपते!

1923 मध्ये मॅकगोवन व क्रिच्टन यांनी बंदिस्त पिलांच्या रक्तक्षयाचे कारण लोहाची कमतरता असल्याचे दाखवले. आईला लोह चारून दुधातले लोह फारसे वाढत नाही. तरी पिले कधी सुधारत; कारण (किळस वाटेल, पण) ती आईची विष्ठा चघळत. उकिरड्यावरच्या गावठी पिलांना हे लोह माती उकरतानाच मिळे. फरशीवरच्या पिलांसाठी लोह-डेक्स्ट्रानची सुई 1950 नंतरच्या दशकात आली. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ती टोचतात.