मोहल्ला कमिटी : दंगलीआधीचे आणि दंगलीनंतरचे काम

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या काळात जन्माला आलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. वेसाव्याच्या कोळीवाड्यात, यारी रोडवर किंवा सात बंगल्याला वाढलेल्या या पिढीला त्या दिवसांची आठवण असण्याचे कारण नाही. पण त्यानंतर हे शहर सावरावे म्हणून जी माणसे वर्षानुवर्षे राबली, त्यांची नावेही तिला ठाऊक नाहीत. युवक-युवतींच्या सभेत 'मोहल्ला कमिटी' हा शब्द उच्चारला की अनेकांना ती पोलीस खात्याची एखादी योजना वाटते. म्हणून या कार्याची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम घडलेल्या गोष्टी. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली आणि त्याच रात्रीपासून मुंबईत दंगल उसळली. ती काही दिवसांत शमली, पण जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा पेटली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने दोन्ही टप्प्यांतील मृतांची संख्या ९०० दिली आहे. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेले आणि ५ इतर होते. ३५६ जण पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले. भोसकाभोसकीत मेलेल्यांची संख्याही जवळजवळ तेवढीच, म्हणजे ३४७ होती. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जण प्राणाला मुकले.

वेसाव्याहून जोगेश्वरी फार दूर नाही. अंधेरीला जाऊन रूळ ओलांडले की आपण तेथे पोहोचतो. त्या जोगेश्वरीत ७ जानेवारीच्या रात्री राधाबाई चाळीतील एका खोलीला बाहेरून कडी घालून आग लावण्यात आली आणि एक पुरुष व पाच स्त्रिया जळून मेल्या. ही बातमी वाऱ्यासारखी शहरभर गेली. ८ जानेवारीपासून मुस्लिमांवर मोठ्या प्रमाणावर हल्ले झाले, ते संघटित होते, असेही आयोगाने नोंदविले आहे. आम्ही त्या वेळी सेमिनरीत शिकत होतो. त्या दिवसांत खऱ्या बातमीपेक्षा अफवा आधी पोहोचत असे, आणि ती खरी की खोटी हे विचारावे असे रुळांपलीकडचे एकही घर आमच्या ओळखीचे नव्हते, हे आज आठवले की संकोच वाटतो.

भिवंडीचा धडा

मुंबई जळत असताना जवळचीच भिवंडी शांत राहिली. यंत्रमागांचे हे गाव १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली भोगलेले होते. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली होती. अशा गावात डिसेंबर १९९२ मध्ये काहीच मोठे घडू नये, हे सर्वांना कोडे वाटले.

त्याचे उत्तर १९८८ पासूनच्या कामात होते. त्या वर्षी पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी जुन्या 'शांतता समिती'चा दोष नेमका हेरला. शांतता समितीत पुढारी व प्रतिष्ठित असत. ती तणाव निर्माण झाल्यावर भरे, भाषणे होत, चहापान होई आणि सभा संपे. ज्या गल्लीत दगड पडायचा तेथील माणूस त्या सभेत नसेच. खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू व मुस्लिम शेजाऱ्यांच्या कमिट्या उभ्या केल्या आणि त्या भागाच्या बीटवरील पोलिसाला त्यांच्याशी जोडून दिले. सभा नियमित होत आणि त्यांत धर्माची चर्चा क्वचितच होई. तुंबलेले गटार, नळावरील भांडण, उनाड मुले, कोणाच्या तरी सुनेचा छळ, असे विषय असत. या क्षुल्लक वाटणाऱ्या सभांतून पोलीस आणि वस्ती, तसेच एक गल्ली आणि दुसरी गल्ली, एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. कठीण दिवस आले तेव्हा हीच ओळख कामी आली. पुढे खोपडे यांनी हा अनुभव 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या पुस्तकात मांडला.

तथापि कमिटी एकदा स्थापन केली की ती आपोआप चालत राहते, असे नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून त्याच भिवंडीत हिंसा झाली आणि दोन पोलीस मारले गेले.

मुंबईतील चळवळ

दंगलींनंतर मुंबईत हे काम हाती घेणाऱ्यांत दोन नावे प्रथम घ्यावी लागतात. एक ज्युलिओ रिबेरो. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, नंतर पंजाबचे पोलीस महासंचालक. १९८६ मध्ये जालंधरला आणि १९९१ मध्ये बुखारेस्टला, तेथे ते भारताचे राजदूत होते तेव्हा, त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले. आपल्या कॅथलिक समाजाला त्यांचा अभिमान वाटतो. मात्र आम्हांला विशेष वाटते ते हे की बंदुकीच्या बळाचा एवढा अनुभव घेतलेला हा माणूस उतारवयात झोपडपट्टीतल्या सभांना जाऊन बसू लागला.

दुसरे नाव सुशोभा बर्वे यांचे. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर रेल्वेप्रवासात शीख सहप्रवाशांवर झालेला हल्ला त्यांनी स्वतः पाहिला. त्या आघाताने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९८९ च्या दंगलीनंतर त्यांनी भागलपुरात काम केले आणि नंतर त्या मुंबईच्या वस्त्यांत आल्या. 'हीलिंग स्ट्रीम्स' हे त्यांचे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंसेनंतर दोन्ही बाजूंच्या माणसांशी कसे बोलावे, यावर आपल्या देशात इतके अनुभवाचे लेखन थोडेच आहे.

दंगलींनंतर मुंबईचे पोलीस आयुक्त झालेले सतीश साहनी यांनी या दोघांना साथ दिली, उद्योजक एफ. टी. खोराकीवाला यांच्यासारखे नागरिक सहभागी झाले आणि १९९४ च्या सुमारास दंगलग्रस्त पोलीस ठाण्यांच्या हद्दीत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. आरंभ सोपा नव्हता. ज्या खाकी वर्दीने आपल्यावर गोळ्या झाडल्या त्याच वर्दीशेजारी खुर्ची टाकून बसा, असे मुस्लिम वस्तीला सांगायचे होते. आणि ज्यांना आपण दंगलखोर समजत आलो त्यांचे म्हणणे ऐका, असे पोलिसांना सांगायचे होते. पहिल्या सभांत आरोप, रडणे, आरडाओरडा हे सारे होणारच होते. ते होऊ देणे हाच कामाचा भाग होता. पुढे पोलीस आणि मोहल्ल्यांतील तरुण यांचे क्रिकेट सामने सुरू झाले. सणांच्या मिरवणुकांचे मार्ग व वेळा आधीच बसून ठरविणे, अफवा कानी येताच दुसऱ्या वस्तीतील ओळखीच्या माणसाला फोन करून खात्री करणे, हे या कामाचे नित्याचे स्वरूप होय.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी हेच काम आपल्या पद्धतीने केले. चार धर्मांच्या वेशांतील चार मुलांचे 'हम सब एक हैं' हे पोस्टर वकार खान यांचे. 'एकता संदेश' नावाचा छोटा चित्रपटही धारावीकरांनी स्वतः काढला. टाटा समाजविज्ञान संस्थेतील अंजली मोंटेरो व के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये या दोघांवर 'नाता' हा माहितीपट केला. तो मिळाल्यास धर्मग्रामात अवश्य दाखवावा.

११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत स्फोट झाले, त्यांतला एक जोगेश्वरीला. रुळांलगतच्या झोपड्यांतील माणसे चादरी घेऊन धावली आणि जखमींना उचलून नेले. शहरात दंगल झाली नाही. याचे सारे श्रेय कमिट्यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु १९९३ आणि २००६ यांमधील तेरा वर्षांत कोणीतरी काहीतरी केले होते, हेही खरे.

जखम भरून येणे

हिंसा टाळणे आणि हिंसेचा घाव भरणे ही दोन वेगळी कामे मानली जातात. अनुभव सांगतो की ती एकच आहेत. ज्याने डोळ्यांदेखत बापाला मारलेले पाहिले, त्या मुलाच्या मनात भीती घर करते. फटाक्याच्या आवाजाने ते दचकते, झोपेत ओरडते, ठरावीक तारखा जवळ आल्या की गप्प होते किंवा विनाकारण मारामारी करते. वेळीच कोणी जवळ घेतले नाही तर तीच भीती मोठेपणी सूडाचे रूप घेऊ शकते, आणि पुढच्या दंगलीला माणसे तेथून मिळतात.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या ग्रंथात सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. योगायोग असा की हा ग्रंथ १९९२ चाच. प्रथम सुरक्षितता; मग घडलेले आठवणे, सांगणे व त्याचा शोक करणे; आणि शेवटी पुन्हा माणसांत मिसळणे. क्रम महत्त्वाचा आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला आठवणी सांगायला लावणे हा नवा आघात ठरतो. येथे आम्हां धर्मगुरूंनाही एक कबुली द्यावी लागेल. 'प्रार्थना करा, क्षमा करा, विसरून जा' असे आम्ही कितीदा तरी पहिल्याच भेटीत सांगून मोकळे झालो आहोत. पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, आणि क्षमा करणाऱ्याने न्यायाचा हक्क सोडून द्यावा असेही नव्हे, हे स्पष्ट केले आहे.

आणि न्यायाचा प्रश्न मोहल्ला कमिट्यांपुढेही होताच. कमिट्या शांतता राखतात, पण गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून काय करतात, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला; त्याची अंमलबजावणी तुटपुंजी राहिली. दंगलींत बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी केवळ ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांचा शोध घेऊन त्यांना व्याजासह रक्कम द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, द्यावा लागला. ज्या घरात मयत झाले नाही आणि माणूस परतही आला नाही, त्या घरातील शोकाला कोणती पायरी लावावी?

परदेशातही या कामाची उदाहरणे आहेत. नायजेरियातील कादुना शहरात पास्टर जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशाफा हे १९९२ मध्ये परस्परविरोधी टोळ्यांत होते. वुये यांचा उजवा हात गेला. अशाफा यांनी आपले गुरू व दोन चुलतभाऊ गमावले. १९९५ पासून दोघे मिळून समेटाचे काम करू लागले. आधीचे वैरी असल्यामुळेच त्यांचे बोलणे दोन्हीकडे ऐकले गेले.

वेसाव्यात

आता आपल्या घरचे. वेसाव्यात हिंदू व ख्रिस्ती कोळी पिढ्यान्‌पिढ्या एकाच खाडीवर होड्या लावीत आले. गावकी होती, मच्छीमार सोसायट्या होत्या, आणि भांडण मिटविण्याची जुनी रीत होती. कोळीवाड्याबाहेर मात्र आज मोठमोठ्या इमारती आहेत, मशिदी आहेत, परप्रांतीय मजुरांच्या वस्त्या आहेत, आणि यांतील कोणी कोणाला ओळखत नाही. १९९३ नंतर मुंबईतील मिश्र वस्त्या विरळ होत गेल्या. माणसे आपापल्यांत जाऊन राहिली. अफवा तर आता खिशातल्या मोबाइलवर येते, आणि ती पुढे पाठविणाऱ्यांत आपले धर्मग्रामस्थही असतात.

अशा ठिकाणी ख्रिस्ती माणसाला एक सोय आहे. तो बहुधा तिसरा असतो, दोन्ही दारांतून आत जाऊ शकतो. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठका गल्लीतल्याच घरांत होतात; त्यांतील एखाद्या बैठकीला शेजारच्या इतर धर्मीयांना बोलावून पाणी, कचरा, मुलांचे खेळ यांवर बोलता येईल. ठाण्यातील बीट अंमलदाराचे नाव समूहाच्या प्रमुखाला ठाऊक असावे. त्याच्याकडे कोळीवाड्यातील, मशिदीजवळील आणि मजुरांच्या वस्तीतील निदान एकेका माणसाचा फोन नंबर असावा, आणि तो सणासुदीला शुभेच्छा देण्यासाठी वापरलेला असावा. अडचणीच्या रात्री पहिल्यांदाच केलेल्या फोनला कोणी उत्तर देत नाही.

घरातील मारहाणीच्या बाबतीत मात्र समूहप्रमुखाने स्वतः समेट घडविण्याची घाई करू नये. मुंबई पोलीस व टाटा समाजविज्ञान संस्था यांनी १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' संस्थेने २००० साली 'दिलासा' केंद्र उघडले. तेथे उपचाराबरोबर समुपदेशनही होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पीडित स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तातडीच्या प्रसंगी ११२, मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हे क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर मराठीत लावावेत. ते मिस्साच्या वेळांच्या वरच लावावेत, म्हणजे दर रविवारी सर्वांच्या नजरेस पडतील.