मिठाने आवळलेला बोल्ट

खिळा ठोकला की ठोकला. रिव्हेट काढायची तर कापावीच लागते. बोल्टचे मात्र तसे नाही. आटे उलट फिरवले की तो सुटलाच पाहिजे, त्यासाठीच तर तो जन्माला आला. पण अमेरिकेच्या उत्तर भागात घरच्या गराजमध्ये ब्रेक पॅड आणि रोटर बदलायला बसलेल्या माणसाला वेगळाच अनुभव येतो. चाक निघते, कॅलिपर निघतो आणि ब्रॅकेटचा बोल्ट काही केल्या हलत नाही. पान्याला जास्त जोर दिला तर डोके तुटून हातात येते आणि दांडा आत राहतो. आपण गाडीला नावे ठेवतो. खरे तर या हट्टामागे मोठा इतिहास आहे.

सुरुवात बोल्टपासूनच करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकीकडचा नट दुसरीकडच्या बोल्टला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवून तुलना केली आणि 1841 मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. त्याच्या आट्यांचा कोन होता 55 अंश. 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने कापायला सोपा असा 60 अंशांचा आटा अमेरिकेपुढे ठेवला. हा फरक दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनाच जड गेला, आणि 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका आट्यावर सही केली. तुटलेल्या बोल्टच्या जागी दुकानातून आणलेला नवा बोल्ट बिनतक्रार बसतो, त्याचे श्रेय या खटाटोपाला.

जगाने बोल्ट सुटण्याची अशी सोय करत आणली, त्याच काळात त्याला जखडून टाकणारी गोष्टही रस्त्यावर आली. ती म्हणजे मीठ. न्यू हॅम्पशायर राज्याने 1938 मध्ये बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकून पाहिले आणि 1941-42 च्या हिवाळ्यात ते सरसकट धोरण केले. त्या हिवाळ्यात देशभरच्या महामार्गांवर मिळून सुमारे 5000 टन मीठ पडले. युद्धानंतर उपनगरे वाढली, महामार्ग वाढले, आणि बर्फ पडला तरी सकाळी कामाच्या वेळेपर्यंत काळा रस्ता दिसलाच पाहिजे अशी लोकांची अपेक्षा झाली. 1950 च्या सुमारास वर्षाला 10 लाख टनांच्या आत असलेले मीठ 1970 च्या सुमारास 1 कोटी टनांजवळ गेले. आज आकडा 2 कोटी टनांच्या घरात आहे. गंमत म्हणजे मोटारींची राजधानी असलेल्या डेट्रॉइटच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे. गाडी वर बनते आणि तिला खाणारे मीठ खालून येते!

1965 च्या कायद्याने दारे उघडल्यावर आपली पहिली मोठी पिढी आली, तीही डेट्रॉइट, शिकागो, न्यू जर्सी अशा याच खारट पट्ट्यात. कोकणातला खारा वारा खिडकीचे गज कसे खातो, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक होते. इथे तेच काम रस्ता करतो. खारे पाणी कमी थंडीत गोठत नाही, आट्यांत झिरपते आणि गंजाचा वेग वाढवते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांतल्या केसाएवढ्या फटीत तो फुगला की बोल्ट आतून आवळला जातो.

यावरचा उतारा म्हणून आपण हमखास डब्ल्यूडी-40 उचलतो. हे रसायन 1953 मध्ये सॅन दिएगोतल्या एका छोट्या कंपनीने तयार केले, ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राला गंज लागू नये म्हणून. नावाचा अर्थच ‘पाणी हटवणे, चाळिसावा प्रयत्न’. म्हणजे मुळात ते गंज टाळण्यासाठी आहे. चढलेल्या गंजात शिरण्यासाठी वेगळे, पातळ झिरपणारे तेल असते, ते वापरावे.

बाकी उपाय लोहाराच्या काळचेच आहेत: घाई न करणे, ठोके आणि उष्णता. तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, आदल्या रात्री तेल सोडावे, डोक्यावर हातोडीने ठोके द्यावेत. सहा कोनांचे सॉकेट घ्यावे, बारा कोनांचे घसरते. आधी किंचित आवळून मग सोडवावे, म्हणजे गंजाची पकड मोडते. तेल पुसून, रबरी भाग आणि ब्रेकची नळी दूर करूनच ज्योत लावावी. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ती मुळीच लावू नये, कारण क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू होतो. बोल्ट तुटलाच, तर डाव्या आट्याच्या ड्रिलने बरोबर मध्यावर भोक पाडावे. पुष्कळदा त्या फिरण्यानेच तुकडा बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टरवर मात्र फार जोर नको. तो कडक पोलादाचा असतो आणि आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापत नाही.

हा प्रश्न फक्त वैतागाचा नाही. 2015 मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने मिठाच्या राज्यांतल्या 2007 आणि त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांच्या मालकांना ब्रेकच्या नळ्या गंजल्या आहेत का ते पाहायला आणि गाडी खालून धुवायला सांगितले. बोल्ट जखडला असेल तर शेजारची नळीही त्याच मिठात भिजलेली असते. गाडी उचललेली आहेच, तर टॉर्च मारून नळ्या पाहून घ्याव्यात. नळी फुगलेली किंवा पापुद्रे सुटलेली दिसली, तर काम तिथेच थांबवून गाडी मेकॅनिककडे टो करून न्यावी.

आणि जोडताना नवा बोल्ट, साफ केलेले आटे, पुस्तकात दिलेलाच टॉर्क. मीठ पुढच्या हिवाळ्यातही पडणार आहे, आणि तो बोल्ट पुन्हा सोडवायची पाळी बहुधा आपलीच असेल.