मेयोसाहेबांचं स्टेशन झालं नाही

१८७० साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले. निमित्त होतं जलंब ते खामगाव या जेमतेम तेरा किलोमीटरच्या रेल्वे फाट्याचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता, तेव्हापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते आणि खामगावच्या बाजाराचं नाव विलायतेतल्या व्यापाऱ्यांना पाठ झालं होतं. एवढ्या मोठ्या साहेबाने फाट्याचं उद्घाटन केलं, भाषण केलं. पण स्टेशनावर पाटी लागली ती ‘खामगाव’ अशीच.

बुलढाणा जिल्ह्यातल्या सगळ्या स्टेशनांची गोष्ट अशीच आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव: गाव होतं, त्याच्याजवळून रूळ गेले, गावाचं नाव फलाटावर चढलं. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथे रेल्वे नाही. तिथल्या माणसाने मुंबईची गाडी धरायची तर मलकापूर गाठायचं. अमरावती जिल्ह्यातल्या दुसऱ्या धामणगावाने मात्र रेल्वेच नावात घेतली आणि ते ‘धामणगाव रेल्वे’ झालं. वऱ्हाडात पुढाऱ्याचं नाव स्टेशनाला लागण्याऐवजी स्टेशनचंच नाव गावाला लागलं, असा हा उलटा प्रकार.

याच गाडीत बसून मुंबईला उतरलेल्या वऱ्हाडी माणसाला मात्र गव्हर्नरांची रांगच भेटायची. ग्रँट रोड म्हणजे १८३५ ते १८३८ या काळातले गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट. एल्फिन्स्टन रोड म्हणजे १८५७च्या धामधुमीत मुंबईचा कारभार सांभाळणारे लॉर्ड एल्फिन्स्टन. रे रोड म्हणजे लॉर्ड रे, आणि सँडहर्स्ट रोड म्हणजे प्लेगच्या साथीत गादीवर असलेले लॉर्ड सँडहर्स्ट. आजच्या भाषेत हे सगळे सत्तेतले राजकारणीच. करी रोडमधला करी तेवढा रेल्वे कंपनीचा अधिकारी. रश्श्याशी त्याचा संबंध नाही. ही नावं बहुधा आधी रस्त्यांना मिळाली आणि रस्त्यांवरून स्टेशनांना. पुढे माणूस विसरला गेला, नाव उरलं. दादरहून लोकल पकडणाऱ्या कुणालाही ग्रँट कोण होता याच्याशी देणंघेणं नव्हतं.

सगळ्यात मोठी पाटी अर्थातच राणीची होती. १८५३ साली पहिली गाडी ठाण्याकडे निघाली ती बोरीबंदरहून. तिथेच पुढे फ्रेडरिक स्टीव्हन्सची भव्य इमारत उभी राहिली आणि १८८७ साली, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, तिला व्हिक्टोरियाचं नाव मिळालं. ते १९९६ साली उतरलं, छत्रपती शिवाजी टर्मिनस आलं. २०१७ साली त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. तरीही टॅक्सीवाल्याला ‘व्हीटी’ म्हटलं की तो वेगळं काही विचारत नाही.

स्वतंत्र भारताच्या सरकारला या नामकरणाच्या हौसेची कल्पना फार लवकर आली होती. केंद्रीय गृहमंत्रालयाने १९५३ सालीच परिपत्रक काढून गावं, शहरं आणि रेल्वे स्थानकं यांची नावं बदलण्याचे नियम घालून दिले. फार विशेष कारण असल्याशिवाय लोकांच्या अंगवळणी पडलेलं नाव बदलू नये, आणि केवळ आदर दाखवण्यासाठी गावाला राष्ट्रीय नेत्याचं नाव देऊ नये, असा त्याचा आशय. म्हणूनच स्टेशनचं नाव बदलायचं तर राज्याच्या प्रस्तावाला आजही दिल्लीची संमती लागते. नेहरू पंतप्रधान असतानाचं हे शहाणपण नंतरच्या त्यांच्याच पक्षाने किती पाळलं, हा प्रश्न देशातल्या रस्त्यांच्या आणि विमानतळांच्या पाट्यांना विचारावा.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत एक गमतीचं वळण आलं आहे. जुन्या स्टेशनांवरून साहेबांची नावं उतरताहेत, पण त्यांच्या जागी सहसा पुढारी येत नाही. येते ती वस्ती किंवा देवता. जुलै २०१८मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. २०२४ साली राज्य विधिमंडळाने मुंबईतल्या सात स्टेशनांच्या नामांतराचा ठराव केला: करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव आणि किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ. ग्रँट आणि रे हे दोन गव्हर्नर त्या यादीतून सुटले.

मग पुढारी गेले कुठे? ते नव्या कामांवर गेले. जुन्या पाटीसाठी दिल्ली गाठावी लागते. राज्याने स्वतः बांधलेल्या पुलाला किंवा रस्त्याला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते. जून २००९मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूचं उद्घाटन झालं, त्याच कार्यक्रमात शरद पवारांनी राजीव गांधींचं नाव सुचवलं. विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती. शिवसेनेला तिथे सावरकर हवे होते. ते २०२३ साली पुढच्या वांद्रे-वर्सोवा सेतूवर आले. शिवडी-न्हावाशेवा सेतूला वाजपेयींचं नाव मिळालं. समुद्रावरच्या तीन पुलांवरून राज्यात कोणाचं सरकार केव्हा होतं हे बऱ्यापैकी ओळखता येतं.

बुलढाण्यापर्यंत हे लोण पोचलं ते समृद्धी महामार्गाने. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा सुमारे ८७ किलोमीटरचा भाग या जिल्ह्यात आहे. धामणगाव बढेपासून बराच लांब, दक्षिणेला, मेहकर आणि सिंदखेडराजाच्या बाजूने. योजना फडणवीस सरकारची. नोव्हेंबर २०१९मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच महिन्यात मंत्रिमंडळाने रस्त्याला त्यांच्या वडिलांचं नाव दिलं: हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ रोजी नरेंद्र मोदींनी नागपूर-शिर्डी टप्पा खुला केला, तेव्हा सरकार उलथलं होतं, शिवसेना फुटली होती, पण नाव जागच्या जागी होतं. दोन्ही बाजू बाळासाहेबांचा वारसा सांगत असताना ते काढणार कोण? बोलताना मात्र सगळे ‘समृद्धी’ एवढंच म्हणतात. जुलै २०२३मध्ये सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून पंचवीस माणसं गेली, तेव्हाच्या बातम्यांचे मथळेही ‘समृद्धी’चेच होते.

एसटीच्या वाट्यालाही हेच नाव आलं. १ मे २०२३पासून महामंडळाने राज्यभरातल्या बसस्थानकांसाठी ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियान’ चालवलं. स्थानकांची नावं गावांचीच राहिली, झाडलोटीची स्पर्धा तेवढी नेत्याच्या नावे झाली.

खामगावला स्टेशन न मिळालेल्या मेयोंना नागपुरात रुग्णालय मिळालं होतं. सरकारदरबारी ते आता इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विदर्भातून पेशंट घेऊन जाणारे नातेवाईक मात्र अजून ‘मेयोत भरती केलं’ असंच सांगतात. आणि मेयोंचा तेरा किलोमीटरचा फाटा खामगावलाच थांबलेला आहे. तो पुढे जालन्यापर्यंत न्यावा ही मागणी ब्रिटिश आमदानीपासूनची.